‘टोल्कीन’ पाहिला का कुणी? (मला अर्धाच आवडला)

आडवाटेचा

घरातली सगळी मंडळी एका साखरपुड्याला गेली होती आणि ताप असल्यामुळे माझी सुटका झाली होती. पांघरुणात बसून ‘टोल्कीन’ पाहिला. २०१९चा पिक्चर, तेव्हा राहून गेला होता. दिग्दर्शक डोम कारुकोस्की, फिनलंडचा. निकोलस होल्ट टोल्कीन झालाय आणि लिली कॉलिन्स त्याची प्रेयसी एडिथ. दोन तासांना आठ मिनिटं कमी. हॉबिट आणि मुद्रिकांच्या तीन खंडांचा (म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा) मी जुना वारकरी, त्यामुळे तक्रारी भक्तिभावानेच करणार आहे. गोष्ट आधी कळू द्यायची नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. (तशी ती शंभर वर्षं जुनी आहे.)

माणूस, म्हणजे या पुस्तकांचा इंग्लिश लेखक, माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८९२, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनला, वडील तिथे बँकेत. आई दोन पोरांना घेऊन इंग्लंडला माहेरी आली आणि मागे १८९६ साली वडील तापाने गेले. मग बर्मिंगहॅमच्या वेशीवर सेअरहोल नावाच्या खेड्यात चार वर्षं. १९०४ साली आई मधुमेहाने गेली, वय ३४. इन्सुलिन सापडायला अजून सतरा वर्षं होती. पुढे फादर फ्रान्सिस मॉर्गन पालक, भाड्याच्या खोल्या, त्याच घरात राहणारी तीन वर्षांनी मोठी पोरकी एडिथ, शाळेतले तीन जिवलग, ऑक्सफर्ड, आणि पहिल्या महायुद्धातली, फ्रान्समधली १९१६ची सोमची लढाई. पिक्चरमध्ये टोल्कीन सोमच्या खंदकात तापाने फणफणलेला आहे, मित्राला शोधतोय आणि मधूनमधून मागचं आठवतंय. ‘हॉबिट’चं पहिलं वाक्य कागदावर उतरतं तिथे संपतो.

आवडली ती चौघांची दोस्ती. किंग एडवर्ड्स शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करायचे, मग बॅरोज स्टोअर्स नावाच्या दुकानातल्या चहाघरात अड्डा जमला, म्हणून नाव ‘टी क्लब, बॅरोव्हियन सोसायटी’. ख्रिस्टोफर वाइझमन संगीतवाला, रॉब गिल्सन चित्रवाला आणि खुद्द मुख्याध्यापकांचा मुलगा, जेफ्री बाश स्मिथ कवी. एकमेकांची टर उडवायची, एकमेकांचं लिखाण सोलून काढायचं आणि मधूनच आपण जग बदलणार आहोत असं गंभीरपणे बोलायचं. या वयात कटिंगच्या टपरीवर आपण सगळ्यांनीच हे केलंय, फक्त आपलं बिल थकलेलं असायचं. ही चार पोरं पडद्यावर असली की पिक्चर श्वास घेतो.

आता तक्रार. रणांगणावर जर्मन ज्वालाफेके आग ओकतात आणि त्या आगीचा ड्रॅगन होतो. धुरातून काळे घोडेस्वार येतात. सोबतच्या शिपायाचं नाव सॅम, पुस्तकातल्या नायकाच्या सोबत्याचंच. म्हणजे परीक्षेत उत्तर मागच्या पानावर बघायचं आणि मग वर पायऱ्या भरायच्या, तसं. हे दिसलं म्हणून ते सुचलं, ते दिसलं म्हणून हे सुचलं. ‘हॉबिट’ आलं १९३७ला, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ला. मधली वीस-चाळीस वर्षं हा माणूस काय करत होता? घासत होता. खोडत होता. तक्ते, वंशावळी, क्रियापदांची रूपं. ते दाखवणं अवघड आहे, मान्य. म्हणून काय ड्रॅगन उडवायचे?

दुसरी तक्रार मोठी. आई मेबलने १९०० साली कॅथलिक पंथ स्वीकारला आणि नातलगांनी पैशाची मदत तोडली. आई धर्मापायी झिजून गेली ही गोष्ट टोल्कीन जन्मभर उराशी धरून होता. पिक्चरमध्ये आई गोष्टी सांगते, गोड दिसते, मरते. फादर फ्रान्सिस म्हणजे प्रेमाच्या आड येणारा काळा झगा. प्रत्यक्षात त्या माणसाने या पोरांसाठी स्वतःच्या घरचे पैसे घातले, त्यांच्या घराण्याचा शेरीचा धंदा होता. टोल्कीनने पहिल्या मुलाचं नाव जॉन फ्रान्सिस ठेवलं ते उगाच नाही.

तुम्हाला काय वाटलं?


टवाळखोर

मी पूर्ण वेळ ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अंगठीची वाट बघत बसलो. नाही आली. पैसे परत मिळतील का?


आडवाटेचा

टवाळखोर, अंगठी आहे, पण पिक्चरबाहेर. फादरनी सांगितलेलं, एकवीस पूर्ण होईपर्यंत एडिथला भेटायचं नाही, लिहायचं नाही. पठ्ठ्याने ३ जानेवारी १९१३ला, एकवीस पूर्ण झाली त्याच रात्री पत्र लिहिलं. उत्तर आलं, माझं जॉर्ज फील्डशी ठरलंय. आठ तारखेला हा चेल्टनमला तिच्यापुढे हजर. दिवसभर दोघं बोलत हिंडली आणि संध्याकाळपर्यंत तिने फील्डची अंगठी परत करायचं ठरवलं.


टवाळखोर

म्हणजे पुस्तकात अंगठी टाकून द्यायला लांब चालत जातात ती कल्पना घरातूनच आली होती तर. पिक्चरवाल्यांना एवढं सुचलं नाही? माझा निषेध मागे.


शब्दवेडी

धागा आवडला, पण तुम्ही एक गोष्ट पटकन ओलांडून गेलात. मला हा पिक्चर मनापासून आवडला आणि त्याचं कारण भाषा. तो हॉटेलातला प्रसंग आठवा. टोल्कीन एडिथला सांगतो की ‘सेलर डोअर’ हे शब्द किती सुंदर आहेत, अर्थ बाजूला ठेवून नुसता नाद ऐक. (हे त्याचं खरंच लाडकं उदाहरण, १९५५च्या एका व्याख्यानातही येतं.) आणि ती पोरगी त्याला तिथेच अडवते. नुसत्या नादात काही नसतं, शब्दाला सौंदर्य येतं ते त्याला चिकटलेल्या गोष्टीमुळे, आता या नादाला गोष्ट जोडून दाखव. मग तो अडखळत रचायला लागतो. एखाद्याला काहीतरी सुचताना एवढं नीट मी पडद्यावर क्वचित पाहिलंय. तो प्रसंग ज्याने लिहिला त्याला तुमचे सगळे ड्रॅगन माफ.

लहानपणी आम्ही बहिणी ‘च’च्या भाषेत बोलायचो, आईला कळू नये म्हणून. टोल्कीनच्या मावसबहिणींची तशीच एक होती, ‘अ‍ॅनिमॅलिक’, सगळी प्राण्यांच्या नावांची. नंतर त्यांनी मिळून ‘नेव्हबॉश’ केली. आपली भाषा दहावीनंतर सुटते, याची सुटली नाही एवढाच फरक. आणि ‘एवढाच’ म्हणजे केवढा! ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचं व्याकरण सापडलं तेव्हा त्याला न चाखलेल्या दारूचं तळघर गवसल्यासारखं झालं होतं, असं त्याने पुढे एका पत्रात लिहिलंय. त्यातून क्वेन्या आली, त्याच्या गोष्टींतल्या एल्फ लोकांची भाषा. दिग्दर्शक फिनलंडचा निघावा याची मला गंमत वाटते.


नेमकेबोल

शब्दवेडी +१. आणि प्रोफेसर जोसेफ राईट! डेरेक जॅकोबीने दहा मिनिटांत पिक्चर खिशात घातलाय. या राईटवरच वेगळा सिनेमा व्हायला हवा. यॉर्कशरचा, सहाव्या वर्षापासून कामाला, पंधराव्या वर्षापर्यंत लिहितावाचता येत नव्हतं. स्वतःच शिकला आणि शेवटी ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक. इंग्रजीच्या बोलींचा सहा खंडी शब्दकोश त्याच्या नावावर, १८९८ ते १९०५. टोल्कीनला शाळेत असतानाच त्याचं गॉथिक भाषेचं पुस्तक एका शाळासोबत्याकडून विकत मिळालं होतं.

पिक्चरमध्ये राईट ‘ओक’ शब्दावर बोलतो. एका शब्दात किती पिढ्यांचं काय काय साठलेलं असतं. मी ते ऐकून थांबवलं आणि आमच्या गावचा ‘पार’ आठवला. शब्दकोशात बघाल तर झाडाभोवतीचा दगडी ओटा. पण पार म्हटलं की दुपारची डुलकी, मटक्याचा आकडा, सासरहून आलेल्या पोरीची चौकशी, एसटीची वाट, आणि कुणी गेलं की न बोलता जमणारी माणसं. इंग्रजीत कसा न्यायचा हा शब्द? टोल्कीनने उलट केलं. शब्द आधी केले, आणि ते बोलायला माणसं हवीत म्हणून माणसं केली.

शिक्षणाचा भाग मात्र पिक्चरने फार नाट्यमय केलाय. तो आला होता ग्रीक-लॅटिन करायला, १९१३च्या परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला. फक्त भाषाशास्त्राच्या पेपरात अव्वल. कॉलेजने शहाणपणा दाखवून त्याला इंग्रजीकडे वळू दिलं आणि १९१५ला तिथे पहिला वर्ग आला. आपल्याकडे ‘साईड बदलली’ म्हणून चार काका समजवायला आले असते.


सुनंदामावशी

मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मुलीने लावून दिला म्हणून पाहिला. मला एडिथबद्दल बोलायचंय.

सगळे म्हणतात काय निष्ठा, तीन वर्षं शब्द पाळला. अहो, त्याने पाळला. तिला कुणी विचारलं? पोरगी चेल्टनमला ओळखीच्यांकडे राहतेय, पत्र नाही, निरोप नाही, तिचं वय चोवीसकडे चाललंय. त्या काळात! तिने दुसऱ्याशी ठरवलं तर तिचं काय चुकलं? पिक्चरमध्ये ती निदान भांडते, पियानो वाजवते, त्याला सुनावते. ऑपेराला आत सोडत नाहीत तर मागच्या सामानाच्या खोलीत जाऊन स्वतःच नाचते. मला ते फार आवडलं. पण लग्नाचं काय झालं, मला नीट कळलं नाही. तो बोटीवर चढायच्या वेळेला एकदम मिठी?


आडवाटेचा

मावशी, तुम्ही नेमकं धरलंत. ऑपेराचा प्रसंग लेखकांनी रचलेला, पण सुंदर रचलाय. खरं त्या दोघांचं आणखी गमतीचं आहे: बर्मिंगहॅमच्या चहाघरांच्या सज्ज्यात बसून खालून जाणाऱ्यांच्या हॅटमध्ये साखरेचे खडे टाकायचे. खडे संपले की शेजारच्या टेबलावर जायचे. (हे घेतलंय पिक्चरमध्ये, ते बरं केलं.)

बोटीवरचं साफ खोटं. फ्रान्सला जायच्या आधीच त्यांचं लग्न झालं होतं, २२ मार्च १९१६, वॉरिकला. आणि पुन्हा धर्म गाळल्यामुळे एडिथचीच गोष्ट पांगळी झालीय बघा. त्याच्याशी लग्न करायचं म्हणून तिने कॅथलिक व्हायचं ठरवलं, तर ज्यांच्या घरी राहत होती त्यांनी तिला घर सोडायला लावलं. नात्यातल्या एका बहिणीला घेऊन वॉरिकला बिऱ्हाड केलं. त्याच्या आईने जे सोसलं तेच पुन्हा हिच्या वाट्याला. सासू-सुनेची गाठ कधी पडली नाही आणि दोघींची एकच गोष्ट. एवढं आयतं नाट्य हातात असताना यांनी बंदरावर मिठी घातली.


सुनंदामावशी

अगंबाई. हे नव्हतं माहीत. मग तर मला तिचाच पिक्चर हवा.


हॉल ग्रीनचा पांडू

उशिरा आलो, पण मी इथला स्थानिक! बर्मिंगहॅमला हॉल ग्रीनमध्ये राहतो, सेअरहोलची गिरणी घरापासून चालत. आता ते खेडं नाही, शहराने कधीच गिळलंय, चारही बाजूंनी आपल्यासारख्यांची घरं. पण गिरणी आहे, मागे तळं आहे, उंच धुरांडं आहे. गेल्या उन्हाळ्यात सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो. सासरे कोल्हापूरकडचे, गुऱ्हाळवाले. त्यांनी पाण्याचं चाक, पट्टे, दगडी जाती इतक्या बारकाईने बघितली की तिथला माणूस मागे राहिला आणि सासरे पुढे. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती, दोघं बोटांनी बोलत होते.

टोल्कीन भाऊ इथे यायचे तेव्हा गिरणीवाल्याचा पोरगा पिठाच्या धुळीने पांढराफट्ट असायचा, अंगावर धावून यायचा. त्याला यांनी नाव ठेवलं ‘पांढरा राक्षस’. आता मला सांगा, चार वर्षाच्या पोराला राक्षस भेटायला सोमला जायची काय गरज? म्हाताऱ्या टोल्कीनने गिरणी वाचवायच्या निधीला पैसेही दिले होते.

आणि सॅम. ‘गॅमजी’ हा इकडे कापसाला म्हणायचा शब्द. सॅम्पसन गॅमजी नावाचा इथलाच सर्जन, त्याने कापूस आणि जाळीदार कापडाची जखमेवर बांधायची पट्टी काढली, म्हणून ‘गॅमजी टिश्यू’. त्यामुळे टोल्कीनच्या लहानपणी इकडे कापूस म्हणजे गॅमजी. पुढे पुस्तकात सॅम गॅमजीची बायको कोण? रोझी कॉटन. मला हे कळलं त्या दिवशी मी ऑफिसात एकटाच हसत होतो.


टवाळखोर

पांडूभाऊ, एक गॅमजी बँडेज पाठवून द्या. धागाकर्त्याचं मन जखमी आहे.


अण्णा फौजी

मी पुस्तकं वाचलेली नाहीत. नातू वाचतो, त्याच्यासोबत पिक्चर पाहिला. लढाईबद्दल चार शब्द लिहितो.

टोल्कीन सिग्नलचा अधिकारी होता, ११वी लँकशर फ्युझिलियर्स. ही नोकरी काय असते ते मला ठाऊक आहे, माझी स्वतःची बावीस वर्षं सिग्नलमध्ये गेली. तार तुटली की जोडायला माणूस पाठवायचा. तो परत आला नाही की दुसरा. पिक्चरमध्ये हे जवळजवळ नाहीच. त्या वेळी टेलिफोनच्या तारा, झेंडे, दिवे, कबुतरं, पळत जाणारे निरोपे, सगळं वापरत. सिग्नलवाला अधिकारी म्हणजे कोण कुठे अडकलंय हे सगळ्यात आधी कळणारा आणि काही करता न येणारा माणूस. हे दाखवलं असतं तर धुरातले घोडेस्वार लागले नसते.

दुसरं. तापात, मित्राला शोधत तो खंदकातून फिरतो, सोबत एक शिपाई. असं अधिकाऱ्याला ठाणं सोडून फिरता येत नाही. नातवाला तेव्हाच म्हटलं, याचं कोर्ट मार्शल होईल.

‘बॅटमन’ शब्दावर नातू हसला. वटवाघूळवाला नव्हे. अधिकाऱ्याची वळकटी, बूट, चहा बघणारा शिपाई, आपल्याकडे सहायक म्हणतात. सॅम हॉजेस हे पात्र बनवलेलं असेल, पण तशी माणसं असतात.


नेमकेबोल

अण्णा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमचं बरोबर आहे, तो शोध काल्पनिकच. रॉब गिल्सन गेला १ जुलै १९१६ला, सोमच्या पहिल्याच दिवशी. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० कामी आले किंवा जखमी झाले, त्यातले १९,२४० मेले. टोल्कीनला ते कळलं स्मिथच्या पत्रातून. आणि पिक्चरमध्ये ज्याला तो शोधतो तो स्मिथ गेला ३ डिसेंबरला. तेव्हा टोल्कीन इंग्लंडला इस्पितळात होता, कारण ऑक्टोबर अखेर त्याला ट्रेंच फीव्हर झाला. उवांमुळे होतो हा ताप. म्हणजे एका उवेने हा लेखक वाचवला असं म्हणता येईल.

सॅमबद्दल: तो १९१४च्या युद्धात भेटलेल्या साध्या शिपायांचं आणि बॅटमनांचं प्रतिबिंब आहे, असं टोल्कीननेच लिहून ठेवलंय. तेव्हा तिथे पिक्चर फार चुकलेला नाही.

आता आडवाटेचा, तुमच्या ड्रॅगनवर येतो. लेखकाला रूपककथा आवडत नव्हती, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तसं स्पष्ट आहे. पण त्याच प्रस्तावनेत हेही आहे की १९१८पर्यंत एक सोडून सगळे जवळचे मित्र गेले होते. आणि एका पत्रात कबूल केलंय की ‘डेड मार्शेस’, तो प्रेतांच्या चेहऱ्यांचा दलदलीचा भाग, सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही देणं लागतो. तेव्हा सरसकट ‘असं सुचत नाही’ म्हणता येणार नाही.

आणखी एक. इस्पितळातून आल्यावर १९१६-१७च्या हिवाळ्यात त्याने पहिली मोठी कथा लिहिली, ‘फॉल ऑफ गोंडोलिन’. शहरावर हल्ला होतो. त्यात ड्रॅगन आहेत, आणि त्यातले काही लोखंडाचे, पोकळ, पोटात सैनिक बसलेले. सोमलाच सप्टेंबर १९१६मध्ये रणगाडे पहिल्यांदा युद्धात उतरले होते. काय म्हणता?


आडवाटेचा

च्यायला.

हे मी वाचलंय आणि तरी डोक्यात आलं नाही. लोखंडी ड्रॅगनवर माझी बोलती बंद. तक्रार दुरुस्त करून घेतो. माझं म्हणणं असं नाही की युद्धाचा संबंध नाही. माझं म्हणणं, पिक्चरने सगळ्यात सोपा ड्रॅगन निवडला. आग बघितली, ड्रॅगन दिसला, एका सेकंदात. याउलट पोटात सैनिक बसलेला पोकळ लोखंडी ड्रॅगन! जनावर आहे की यंत्र, हे लिहिणाऱ्यालाही ठरवता येत नाहीये. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, ताप उतरतोय, बायको शेजारी, दोन मित्र मातीत, आणि हा वहीत ते लिहितोय. मला पिक्चरमध्ये ती वही बघायची होती.

हिंदी-मराठीत तरी काय वेगळं होतं म्हणा. चरित्रपटात नायकाला पुढे काय होणार ते आधीच माहीत असल्यासारखा वागवतात. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मला म्हणूनच आवडतो, त्यातले फाळके इतिहास घडवत नाहीत, घरातलं सामान विकून खटपट करतात आणि आजूबाजूचे त्यांना वेडे समजतात.


शब्दवेडी

माझंही एक मागे घेते/वाढवते. धर्म अगदीच गाळलाय असं नाही हो. शेवटाकडे फादर फ्रान्सिस त्याला भेटतात तो प्रसंग बघा परत. मुलं गेलेल्या आया, विधवा रोज भेटतात, त्यांना काय सांगू, आजचे शब्द कामाला येत नाहीत, म्हणून जुनी प्रार्थनाच म्हणतो, अशा अर्थाचं ते बोलतात. कॉम मीनीने काय म्हटलंय ते! माझी आजी गेली तेव्हा घरात एकालाही बोलता येत नव्हतं आणि शेजारच्या काकांनी हरिपाठ सुरू केला. अर्धे शब्द कळत नव्हते, तेच बरं होतं. भाषेचा आणि धर्माचा धागा पिक्चरने तिथे हळूच जोडलाय. पटकथा वाटते तितकी बिनडोक नाही.


आडवाटेचा

हा प्रसंग तापात बघितला असावा. परत बघतो.


वाचनमात्र

टोल्कीनच्या वारसांनी एप्रिल २०१९मध्ये जाहीर केलं होतं ना, की आमची या पिक्चरला मान्यता नाही, आमचा सहभाग नाही? मग यांनी काढला कसा?


नेमकेबोल

हो, प्रदर्शनाच्या आधीच निवेदन दिलं होतं. पुस्तकातली पात्रं वापरायची तर हक्क लागतात, माणसाचं आयुष्य सांगायला तसं नाही. म्हणूनच बघा, पिक्चरमध्ये पुस्तकांतलं थेट जवळजवळ काही नाही, सगळं धुरात आणि सावल्यांत. आडवाटेचांच्या अर्ध्या तक्रारीचं मूळ तिथे असू शकेल.


सुनंदामावशी

नाचाचं कुणी बोललंच नाही. मुलगी सांगत होती की त्यावरून त्यांच्या थडग्यावर काहीतरी लिहिलंय.


हॉल ग्रीनचा पांडू

हो मावशी. ऑक्सफर्डला वुल्वरकोटच्या दफनभूमीत. आम्ही गेलो होतो, गावाबाहेर आहे, शोधावं लागतं पण पाट्या लावल्यात. १९१७ला टोल्कीन आजारपणातून उठून यॉर्कशरमध्ये तैनात होता, तिथे रूस गावाजवळ रानात एडिथ त्याच्यासाठी नाचली. पांढऱ्या फुलांचं रान होतं, हेमलॉकचं. त्यावरून त्याने बेरेन आणि लूथिएनची गोष्ट लिहिली. ती १९७१ला गेली, तो १९७३ला. एकच दगड आहे. तिच्या नावाखाली ‘लूथिएन’, त्याच्या नावाखाली ‘बेरेन’. वर गुलाब, लोकांनी ठेवलेल्या चिठ्ठ्या, आणि कुणीतरी दहा रुपयांचं नाणं ठेवलं होतं, देवाघरी ठेवतात तसं. आपलाच कुणीतरी.


सुनंदामावशी

आणि हा नाच पिक्चरमध्ये सामानाच्या खोलीत नेला? बरं.


अण्णा फौजी

माझा एक मुद्दा राहिला. पिक्चरच्या शेवटी तो स्मिथच्या आईकडे जातो, मुलाच्या कविता छापूया म्हणून. ते खरं आहे का? नातवाला विचारलं, त्याला सांगता आलं नाही.


नेमकेबोल

अण्णा, पुस्तक खरं आहे. ‘अ स्प्रिंग हार्वेस्ट’, १९१८, प्रस्तावना टोल्कीनची. आणि त्यामागे स्मिथचं पत्र आहे. फेब्रुवारी १९१६मध्ये, खंदकातून गस्तीवर जायच्या आधी स्मिथने टोल्कीनला लिहिलं होतं की मी गेलो तरी आमचा क्लब मरत नाही, आणि मला जे सांगायचं होतं ते मी नसताना तू सांग. पिक्चरमध्ये आहे ते.


अण्णा फौजी

धन्यवाद. मग लिहितोच.

आमचं गाव साताऱ्याकडचं. चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून पहिल्या महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. अशा पाट्या आमच्याकडे पुष्कळ गावांत आहेत. आकडा आहे, नाव एकही नाही. त्या वेळच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या, एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि कैदी पायी वाळवंटातून नेले. म्हणजे टोल्कीन फ्रान्सला बोटीने निघाला त्याच्या सव्वा महिना आधी. गावात म्हातारी माणसं त्याला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायची. माझ्या आजोबांचा थोरला भाऊ त्यात गेला एवढंच घरात माहीत. त्याने काही लिहून ठेवलं नाही, त्याला लिहिता येत नव्हतं.

पिक्चर संपल्यावर नातवाला घेऊन चावडीवर गेलो. पाटीवर ग्रामपंचायतीने चुना फासलाय दरवर्षी, अक्षरं बुजलीत. त्याने खिळ्याने एकेक अक्षर उकरलं. वाचून झाल्यावर विचारतो, आबा, हे कोण कोण?


टवाळखोर

अण्णा, अजून कुणाला माहीत असतील का नावं?


अण्णा फौजी

दोन मिळाली. एक आमच्या घरातलं, एक कुंभारवाड्यातलं, त्यांच्याकडे पितळी पदक आहे, कडेवर नाव आणि पलटण कोरलीय. बाकीच्यांची घरं विचारत फिरतोय. नातू वहीत उतरवतो.


आडवाटेचा

अण्णा, याचा वेगळा धागा काढा. इथे पिक्चरखाली दबून जाईल. मी आजच रात्री परत बघणार आहे, फादरचा प्रसंग राहिलाय.